अर्नाळ्याच्या बेटावर एका दिवसात जाऊन यायचं तर: होडी, भरती आणि परतीचं गणित

विरारजवळच्या अर्नाळ्याच्या बेटावर जाऊन आलेल्यांच्या तक्रारी साधारण तीनच असतात. होडीसाठी ताटकळावं लागलं, परतताना चिखल तुडवला, आणि ‘तिथे बघण्यासारखं काही नाही’. तिन्हींचं मूळ एकच. आपण सहल घरातून निघायच्या वेळेपासून आखतो. बेटाची सहल परतीच्या होडीपासून उलटी मोजायची असते. आधी पाणी बघायचं, पाण्यावरून परतीची वेळ, त्यावरून जायची वेळ, आणि सगळ्यात शेवटी लोकल.

हा लेख अर्नाळ्याच्या किनाऱ्याबद्दल किंवा तिथल्या रिसॉर्टबद्दल नाही. किनाऱ्यासमोर, वैतरणेच्या मुखाशी जे छोटं बेट आहे आणि ज्याला आसपासचे सगळे नुसतं ‘किल्ला’ म्हणतात, त्याबद्दल आहे. इथे ‘किल्ल्यात राहतो’ म्हणणारा माणूस तटबंदीच्या आत राहतो असं नाही. तो बेटावरच्या कोळीवाड्यात राहतो. चिमाजी अप्पा, पोर्तुगीज वगैरे इतर ठिकाणी भरपूर वाचायला मिळेल. इथे फक्त जायचं कसं, वागायचं कसं आणि यायचं कसं.

टप्पा १: तारीख ठरवा, कॅलेंडरात तिथी बघून

शनिवार-रविवार मोकळा आहे म्हणून निघालो, ही पहिली चूक. आधी तिथी बघा.

कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण, म्हणजे ३. पूर्ण भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला. अष्टमीला ६, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आता हे सहलीला लावून बघू.

पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाण असतं. पाणी चढतं भरपूर आणि उतरतंही भरपूर. दुपारी बाराच्या सुमाराला समुद्र अगदी वर, आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पार मागे गेलेला. म्हणजे ‘पौर्णिमेला जाऊ, सूर्यास्त बघू, चांदण्यात परतू’ हा ऐकायला सगळ्यात छान वाटणारा बेत हिशेबाने सगळ्यात वाईट. मी हे केलेलं आहे. सूर्य बुडाला, फोटो झाले, आणि वळून बघितलं तर सकाळी जिथे होडीतून उतरलो होतो तिथून पाणी बरंच लांब गेलेलं. अंधारात, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात पुतण्या, असा नडगीपर्यंतचा चिखल तुडवत होडी गाठली. चांदणं होतं, नाही असं नाही.

सप्तमी, अष्टमी, नवमी हे भांगाचे दिवस. भरती-ओहोटीतला फरक कमी, पाण्याला ओढही कमी. अष्टमीला सकाळी नऊ-साडेनऊला पाणी मधोमध असतं, दुपारी बाराला ओहोटी आणि साडेतीन-चारला पुन्हा मधोमध. म्हणजे ओहोटी होते ती तुम्ही बेटावर असताना. जाताना-येताना होडीला पुरेसं पाणी, आणि मधल्या वेळात तटाबाहेरचा किनारा चालायला मोकळा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी डोळे मिटून हेच दिवस धरतो.

दुसरी पसंती द्वितीया-तृतीया. भरती दीड ते सव्वादोनच्या दरम्यान येते, जाण्या-येण्याला पाणी चांगलं असतं. फक्त दुपारी किनारा पाण्याखाली असतो आणि ओढ जोराची. त्रयोदशी-चतुर्दशीला गेलात तर दुपारी दोनपर्यंत परत निघा. पंचमी-षष्ठीला उलटं: सकाळी नऊ-दहालाच ओहोटी, म्हणजे जातानाच चिखल. त्या दिवशी उशिरा गेलेलं बरं.

तपासणी: पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तो दिवस निवडायला वापरा. निघायच्या आदल्या दिवशी त्या तारखेच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर बघून पक्क्या करा.

महिने: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर ऊन भाजून काढतं, पण सुक्या मासळीसाठी एप्रिल-मे चांगला. १ जून ते ३१ जुलै राज्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि समुद्र कुणाचं ऐकत नाही. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जातात, पण म्हणून सहलीला समुद्र तयार झाला असं नव्हे. नवरात्र संपेपर्यंत थांबा.

वार शक्यतो मधला. रविवारी किनाऱ्यावर गर्दी, आणि पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक असला तर सकाळचं सगळं गणित कोलमडतं. शिमग्याच्या दिवसांत ओळखीशिवाय जाऊ नका. तो वाड्याचा घरचा सण आहे, आपण त्यात उगाच पाहुणे.

टप्पा २: बांधाबांध

पाय भिजणार आहेत, हे गृहीत धरूनच कपडे घाला. जीन्सची पँट ही दुसरी मोठी चूक. गुडघ्यापर्यंत भिजली की दिवसभर ओली, खारट आणि जड. गुडघ्याच्या वर दुमडता येईल अशी सुती पँट किंवा बर्म्युडा. साडी-ड्रेस असेल तर खोचता येईल असा. पायात मागे पट्टा असलेल्या प्लास्टिकच्या सॅण्डल. पट्टा नसलेली चप्पल चिखल ओढून घेतो, आणि बूट घातले तर ते हातात धरून हिंडावं लागतं.

पिशवी एकच, पाठीवरची. दोन्ही हात मोकळे हवेत, कारण होडीत चढताना दोन्ही लागतात. मोबाइल, पैसे आणि कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, मग सॅकमध्ये. सुटे पैसे न्या, दहा-वीसच्या नोटा. फोनवरून पैसे देता येतीलही, पण होडीत ओल्या हाताने फोन काढायला लावणारा प्रवासी कुणालाच आवडत नाही. ओळखपत्र जवळ ठेवा. इथे सागरी पोलीस ठाणं आहे आणि समुद्रावर विचारणा होऊ शकते.

प्यायचं पाणी माणशी किमान दोन लिटर. लहान बेटावर गोडं पाणी ही जपून वापरायची वस्तू असते. तुमची बाटली भरून द्यायला कुणी नाही म्हणणार नाही, आणि म्हणूनच मागायची वेळ आणू नका.

जेवण घरून. बेटावर हॉटेल मिळेल असं धरून चालू नका. छोट्या दुकानात बिस्किटं, चहा मिळाला तर बोनस. ‘कोळीवाड्यात जातोय म्हणजे ताजं कालवण-भात मिळेलच’ ही समजूत घेऊन येणारे बरेच असतात. कुणाचं तरी घर आहे ते, खाणावळ नाही. आधी ओळखीने सांगून ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी. तांदळाची भाकरी, सुकी चटणी, काकडी, उकडलेली अंडी असं काही न्या. उष्टं-खरकटं परत आणायला रिकामी पिशवीही घ्या.

याशिवाय टोपी, साधी औषधं आणि जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रं कशाला ते सातव्या टप्प्यात.

टप्पा ३: विरार ते अर्नाळा किनारा

हे सोपं आहे, लवकर उरकतो. चर्चगेटहून विरार जलद लोकलने साधारण सव्वा ते दीड तास. सकाळी तुम्ही गर्दीच्या उलट्या दिशेने जाता, त्यामुळे बसायला मिळतं. विरारला पश्चिमेला उतरा. तिथून अर्नाळ्यासाठी बस मिळते, शेअर रिक्षाही. अंतर आठ-दहा किलोमीटर, आगाशीवरून. रिक्षावाल्याला नुसतं ‘अर्नाळा’ म्हणालात तर तो रिसॉर्टच्या बाजूला किंवा एसटी स्टँडवर सोडेल. ‘किल्ल्याच्या होडीपाशी’ असं म्हणा.

स्वच्छतागृहाचं काम विरारला किंवा अर्नाळ्यातच उरकून घ्या. बेटावर सार्वजनिक सोय मिळेलच असं नाही, आणि बायकांची यात फार अडचण होते.

आगाशीची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, प्रसिद्ध आहेत. घ्यायची तर जाताना घ्या. खिशात टाकायला यापेक्षा चांगला खाऊ नाही. येताना हात मासळीचे असतील.

तपासणी: किनाऱ्यावर आल्यावर आधी समुद्राकडे दोन मिनिटं नुसतं बघा. लाटांवर पांढरा फेस दूरपर्यंत दिसतोय का? होड्या नेहमीसारख्या जा-ये करतायत का? स्थानिक माणसं आज घुटमळताना दिसली तर तुम्हीही थांबा. ‘एवढ्या लांबून आलोय’ हे कारण समुद्राला पटत नाही.

टप्पा ४: होडीत चढणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली गोष्ट, ही होडी पर्यटकांसाठी नाही. ती बेटावरच्या लोकांची एसटी आहे. शाळेची मुलं, गॅसचं सिलिंडर, भाजीच्या जुड्या, सिमेंटच्या गोण्या, दवाखान्यातून परतणारी आजी आणि बाजाराहून येणाऱ्या बायकांच्या रिकाम्या पाट्या, सगळं याच होडीतून जातं. होडी भरली की निघते. घड्याळाला बांधलेली नसते. ‘किती वाजता सुटणार?’ असं तिसऱ्यांदा विचारलं की उत्तर मिळणं बंद होतं, हा माझा अनुभव.

क्रम असा ठेवा:

१. होडी कुठे लागते ते बघा. ती रोज एकाच जागी लागेल असं नाही. पाणी जिथे असेल तिथे लागते. पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका जिकडे चालल्यात तिकडे चला, चुकणार नाही.

२. पाण्यात उतरण्याआधी पँट दुमडा, फोन आत टाका, सॅक पाठीवर घट्ट करा. हे पाण्यात उभं राहून करायचं काम नाही.

३. बेटावरच्या माणसांना आणि त्यांच्या सामानाला आधी चढू द्या. एकदा माझ्या पुढे एक मावशी होत्या. डोक्यावर बर्फाची टोपली, तिचं पाणी कपाळावरून ओघळत होतं. एक हात टोपलीला, दुसरा होडीच्या काठावर. लाट आली तशी होडी खाली बसली आणि त्याच क्षणी त्या आत होत्या. उडी नाही, धडपड नाही. मग त्या वळल्या आणि माझ्याकडे हात पुढे करून म्हणाल्या, ‘ये, आता ये.’ मी ‘आता’ चुकवलं आणि कंबरेपर्यंत भिजलो.

४. तेच तंत्र आहे. होडी लाटेबरोबर वर-खाली होते. ती खाली येते तेव्हा चढायचं, वर जाताना नाही. दोन्ही हात काठावर, आधी पोट काठावर टेकवायचं, मग पाय. लाजायचं कारण नाही, सगळे तसेच चढतात.

५. आत सांगतील तिथे बसा. एका बाजूला चार वजनदार माणसं बसली की होडी कलते. खलाशी ‘तिकडे सरका’ म्हणाला तर फोटो नंतर. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, चढून पाय सोडून बसणं सिनेमात बरं दिसतं.

६. होडीत कुणी चपला काढून ठेवत असेल तर तुम्हीही काढा. होडी ही त्यांची लक्ष्मी. नारळी पौर्णिमेला तिची पूजा होते.

सावधान: लाइफ जॅकेट असेल तर मागून घ्या, मुलांसाठी मिळालंच पाहिजे असा आग्रह धरा. होडी काठोकाठ भरलेली वाटली तर खुशाल पुढच्या होडीने जा. आणि ओहोटीला बेट अगदी हाताशी दिसतं म्हणून ‘चालत जाता येईल’ असा विचारही करू नका. नदीच्या मुखाशी वाळू सरकते, पाण्याला ओढ असते, आणि भरती फिरली की मागे यायला वेळ उरत नाही. पोहण्याचंही तेच. अडचण आलीच तर ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आधीच ठेवा.

टप्पा ५: उतरल्यावर पहिलं वाक्य

वाळूवर पाय टेकताच, सेल्फीच्याही आधी, होडीवाल्याला विचारायचं: ‘दादा, परतीची शेवटची होडी कधी?’ जे उत्तर मिळेल त्यातून एक तास वजा करा. ती तुमची शेवटची होडी. मग तोच प्रश्न दुकानात किंवा वाड्यातल्या एखाद्या काकांना विचारा. उत्तरं जुळली तर छान. नाही जुळली तर लवकरची वेळ खरी धरा.

आता दिवसाचा क्रम. बहुतेक लोक आधी वाड्यात शिरतात, फोटो काढतात आणि भर उन्हात तटावर चढतात. उलटं करा.

सकाळी किल्ला. दरवाज्यावरचं हत्तींचं कोरीवकाम आणि वरचा देवनागरी शिलालेख सकाळच्या उजेडात नीट दिसतो. तटावरून फेरी मारायला अर्धा-पाऊण तास. कडेला कठडा नाही, पायऱ्यांवर शेवाळ आणि गवत असतं. मुलांचा हात सोडू नका. आत अष्टकोनी तळं आहे, त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे. तळ्यात पाय धुवायचे नाहीत, एवढं सांगायला लागू नये, पण लागतं.

दुपारी, ओहोटी असेल तर, बाहेरच्या बाजूने किनारा. तटापासून सुटा, एकटाच उभा असलेला गोल बुरूज आहे, तिथपर्यंत जाऊन या. पाणी फिरायला लागलं की परत वळा. ऊन टळेपर्यंत सावलीत बसून जेवण.

वाडा दुपारी तीननंतर. का, ते पुढे.

टप्पा ६: कोळीवाड्यात

‘बघण्यासारखं काही नाही’ म्हणणारे इथून अकरा वाजता गेलेले असतात. तेव्हा पुरुष समुद्रावर किंवा झोपेत, बायका बाजारात किंवा चुलीपाशी, आणि गल्ल्या रिकाम्या. तीन-साडेतीनला सुकत घातलेली मासळी गोळा करायला सुरुवात होते, कारण थंडीत संध्याकाळी दव पडतं आणि दिवसभराचं वाळवण ओलावतं. तेव्हा वाडा जागा असतो.

बोंबील सुकवायच्या वलांड्या जवळून बघा. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. दोरा नाही, टाचणी नाही, आकडा नाही. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले, ते एकमेकांना सोडत नाहीत. एखादी बाई एका हाताने दोन बोंबील उचलते आणि बोटांच्या एका हालचालीत त्यांची जोडी लावून मोकळी होते. मी एकदा करून बघायला मागितलं. चार प्रयत्नांत एक जोडी लागली, तीही वाऱ्याने खाली आली, आणि आजूबाजूच्या पोरींची करमणूक झाली.

आता नियम. लिहिलेले कुठेच नाहीत, पण मोडले की लगेच कळतं.

जमिनीवर साफ, सपाट, रिकामी दिसणारी जागा बहुतेक वेळा खळं असतं. तिथे जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सुकायला पसरतात. त्यावर चटई टाकून डबा उघडणारी कुटुंबं मी बघितली आहेत. जवळा पसरलेला असेल तर तो लांबून गुलाबीसर वाळूसारखाच दिसतो. पाऊल टाकण्यापूर्वी खाली बघा.

जाळी पसरलेली असतील तर वळसा घाला. ओलांडू नका, त्यावर बसू नका. एक माणूस कोपऱ्यात बसून जाळं विणत-सांधत असतो. त्याच्याशी बोलायचं तर समोर उकिडवं बसून बोला, डोक्यावर उभं राहून नाही.

फोटो विचारून. बायकांचा आणि मुलांचा तर नक्कीच. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ एवढं पुरतं. मान हलली तर काढा, पदर चेहऱ्यावर आला तर विषय संपला. घरांच्या उघड्या दारांतून आत कॅमेरा लावणं म्हणजे कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावणं. ड्रोन नकोच.

वासाबद्दल बोलू नका. नाकाला रुमाल लावून गल्लीतून जाणारा पाहुणा लोकांच्या वर्षभर लक्षात राहतो.

आणि बोलायचं काय? ‘तुमचं आयुष्य किती छान, निवांत’ हे वाक्य टाळा. डिझेलचे दर, बर्फ, खलाशी न मिळणं, वादळाने बुडालेले दिवस, हे सगळं ते जगत असतात. ‘यंदा बोंबील कसा?’ असं विचारा. अर्धा तास जाईल आणि तुम्हाला खूप कळेल.

तपासणी: साडेतीन वाजलेत. पाणी कुठे आहे ते एकदा किनाऱ्यावर जाऊन बघून या. होडी लागलेली दिसली आणि तुमची खरेदी राहिली असेल तर पंधरा मिनिटांत उरका.

टप्पा ७: सुकी मासळी घेताना

ताजी मासळी घेऊन परतायचा मोह आवरा. बर्फ आणि डबा नसेल तर विरार-चर्चगेट प्रवासात ती मऊ पडते. सुकी घ्या.

बोंबील: हातात धरून वाकवा. पुरता वाळलेला कडक असतो. लवचीक वाकला तर आत ओल आहे, घरी चार दिवसांत बुरशी. रंग फिकट सोनेरी चांगला. काळपट, तेलकट पिवळा झालेला जुना. वास मासळीचा हवा, आंबूस किंवा नाकात झोंबणारा नको. पोटाशी बारीक भुसा किंवा भोकं दिसली तर कीड.

जवळा: मूठभर घेऊन दाबा आणि सोडा. गोळा राहिला तर ओला, सुटला तर वाळलेला. तळहातावर चोळून बघा, खाली वाळू किती उरते ते कळतं. थोडी असतेच, मूठभर नको.

सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, महाग असतात, आणि तसेच असायला हवेत. स्वस्त सोडे बघितले की मी पुढे सरकतो.

वाट्याने विकत असतील तर एक वाटा संपूर्ण घ्या. दोन वाट्यांतले मोठे-मोठे वेचून तिसरा करायचा नाही. भाव थोडा करावा, ओढू नये. ज्या बाईशी अर्धा तास गप्पा मारल्या, चहा प्यालात, तिच्याकडूनच घ्या आणि भाव तिथे करूच नका, असं माझं मत. बायकोचं वेगळं आहे.

बांधणी: आधी वर्तमानपत्राच्या दोन घड्या, मग प्लास्टिकची पिशवी, मग दुसरी पिशवी उलटी घालून. नुसत्या प्लास्टिकमध्ये घाम धरतो. डबा असेल तर उत्तमच.

टप्पा ८: परत

ठरवलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी किनाऱ्यावर या. परतीच्या होडीत थकवा असतो, हातात पिशव्या असतात, आणि पाणी सकाळपेक्षा वेगळं असतं. चढताना मासळीची पिशवी आधी आत बसलेल्या माणसाकडे द्या, मग तुम्ही. दोन्ही एकदम जमत नाही.

होडी चुकलीच तर घाबरून कुणाची छोटी होडी भाड्याने घेऊन अंधारात निघू नका. देवळापाशी किंवा दुकानात जाऊन सरळ सांगा. मार्ग निघतो. घरी फोन करून कळवा आणि सांगतील तसं करा.

विरारहून चर्चगेटकडे संध्याकाळी गाडी रिकामी सुटते. मासळी असेल तर खिडकीजवळ, वाऱ्याच्या उलट्या दिशेला बसायचा प्रयत्न करा. नाहीतर लगेजच्या डब्याशेजारी उभे राहा, तिथे कुणी वळून बघत नाही. बोरिवली गेली की आजूबाजूची नाकं एकेक करून तुमच्याकडे वळतील. तेव्हा खिडकीबाहेर बघत राहायचं.

घरी आल्यावर पिशवी ओट्यावर तशीच ठेवून झोपू नका. बोंबील-जवळा त्याच रात्री कागदातून काढून ताटात पसरा, दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस कडक ऊन द्या, मग कोरड्या बरणीत. सॅण्डल गोड्या पाण्याने तेव्हाच धुवा. मीठ पट्ट्याच्या शिवणीत बसतं, आणि मग तो तुटतो पुढच्या खेपेला, होडीत एक पाय टाकलेला असताना.